डोळे मिटून बसवलेला फिल्टर

सोलापूरचा उन्हाळा बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही आणि इथल्याला सांगावा लागत नाही. मला मात्र या उन्हानंच आयुष्यभर पोसलं. अक्कलकोट रोडला माझं गाड्यांच्या एसीचं छोटं वर्कशॉप होतं. आता ते भाच्याकडं दिलंय. मी सकाळी दोन-तीन तास तिथं खुर्ची टाकून बसतो आणि कुणी न विचारता सल्ले देतो. नाव रेवणसिद्ध, पण सगळे अप्पाच म्हणतात. होळी झाली की माझ्या दारात गाड्यांची रांग लागायची आणि प्रत्येकाचं गाऱ्हाणं एकच, "अप्पा, गॅस संपला बघा." अंगात कणकण आली की काही लोकांना सलाइन लावून घेतल्याशिवाय बरं वाटत नाही, तसं गाडी गार होईना की यांना गॅस भरून हवा असतो. मी म्हणायचो, आधी फिल्टर बघू. मग गिऱ्हाईक माझ्याकडं असं बघायचं, जणू मी त्याच्या गाडीत नसलेली वस्तू शोधून काढतोय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीच्या पुढच्या काचेखाली, वायपर असतात तिथं, काळी जाळी असते. बाहेरची हवा तिथून आत येते आणि एका पांढऱ्या, घड्याघड्यांच्या चौकोनी फिल्टरमधून गाळून आपल्या तोंडावर येते. ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यापुढं कागदपत्रं ठेवायचा कप्पा असतो ना, बहुतेक गाड्यांत त्याच्या मागं हा फिल्टर बसलेला असतो. कप्पा रिकामा करायचा, दोन्ही बाजू आत दाबून तो खाली सोडायचा, मागचं लांबट झाकण काढायचं आणि फिल्टर ओढायचा. झाकणाच्या खिट्ट्या नीट बघून काढल्या तर दहा मिनिटांचं काम. पण फिल्टरच्या कडेला एक बाण छापलेला असतो. हवा ज्या दिशेनं जाते तिकडं त्या बाणाचं तोंड पाहिजे. बऱ्याच गाड्यांत हवा वरून खाली जाते, म्हणून बाण खाली. एवढंच शास्त्र, यापेक्षा जास्त मलाही येत नाही.

एवढ्याशा गोष्टीत लोक काय काय करतात म्हणून सांगू. एका वकीलसाहेबांनी फिल्टर धुण्याच्या पावडरीत रात्रभर भिजवून गच्चीवर वाळत घातला होता. तो आणला तेव्हा उन्हात तडकलेल्या पापडासारखा झालेला, आणि वर मलाच विचारतात, हा परत बसत का नाही. सांगोल्याच्या एका डाळिंबवाल्यानं तर फिल्टर काढून टाकून, बागेत डाळिंबावर पांघरायचं पांढरं कापड चार पदरी कापून बसवलं होतं. "फळाला धूळ लागू देत न्हाय, मला कशी लागू देईल," असं त्याचं म्हणणं. खोटं कशाला बोलू, मी त्याला हसलो, पण घरी जाऊन तो प्रयोग करून बघितला. एका व्यापाऱ्याच्या गाडीत उंदरानं फिल्टरच्या घड्यांत शेंगदाण्यांची अशी शिस्तीत रांग लावली होती, की उंदराला गोदामात कामाला ठेवावं. आणि नव्या फिल्टरची प्लॅस्टिकची पिशवी न काढता तो तसाच आत सारणारे किती भेटले, त्याची तर मोजदाद नाही. मी या सगळ्यांच्या गोष्टी रंगवून सांगायचो. चहाला आलेले लोक खो खो हसायचे आणि मी फुगायचो.

फुगायचो म्हणजे किती, तेही सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. माझा एक खेळ होता. गाडीच्या दारात बसायचं, डाव्या हातात चहाचा कप धरायचा, डोळे मिटायचे आणि उजव्या हातानं फिल्टर बसवायचा. झाकण टक् करून लागलं की डोळे उघडायचे आणि चहाचा घोट घ्यायचा. बघणारे म्हणायचे, "काय हात हाय अप्पांचा." बायको एकदा म्हणाली होती, दिसत असताना डोळे कशाला मिटायचे. मी तिला म्हणालो, तुला त्यातलं कळत नाही.

चारेक वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळा तापायला लागला होता. सकाळी सकाळी एक पांढरी छोटी गाडी दारात येऊन थांबली, तीही अशी, की रेषा आखून लावावी. आतून साठीच्या आसपासच्या एक बाई उतरल्या. सुती साडी, डोळ्यांवर चष्मा, हातात वही. मी दोन वाक्यं बोललो असेन, त्यांनी माझा हेल ओळखला आणि थेट कानडीतच विचारलं, "यावूर निमदु?" गाव कुठलं म्हणून. मी म्हणालो, मैंदर्गी. त्याही मैंदर्गीच्याच, माळ्यांच्या गल्लीपलीकडच्या. मग काय, गाडी बाजूलाच राहिली आणि आधी गावातल्या विहिरींची चौकशी झाली.

बाई म्हणजे शाळेतल्या विज्ञानाच्या बाई, निवृत्त झालेल्या. लग्न होऊन माढ्याकडच्या घरात गेलेल्या, पण राहायला इथंच, सोलापुरात. यजमान तात्या, तीस वर्षं ट्रकवर ड्रायव्हर. इथल्या चादरी भरून पार खालपर्यंत, मदुराईपर्यंत गेलेले. पुढं साखरेनं तात्यांची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी स्टिअरिंग बंद केलं. पुण्यातल्या मुलानं आईवडिलांसाठी गाडी घेऊन दिली होती, ती दारात उभी. तेव्हा बाईंनी अठ्ठावन्नाव्या वर्षी क्लास लावला, लायसन काढलं आणि गाडी चालवायला लागल्या. डिकीत एक पत्र्याची पेटी ठेवलेली असायची. तिच्यात लोहचुंबक, भिंगं, परीक्षानळ्या, स्पिरिटचा दिवा. आठवड्यातून तीन दिवस ती पेटी घेऊन बाई खेड्यातल्या शाळांत जायच्या आणि पोरांना प्रयोग दाखवायच्या. ज्या शाळांत प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेलं कपाट, अशाच शाळा त्या निवडायच्या. "लिटमस कागद लाल झाला की पोरं कशी ओरडतात, एकदा येऊन बघा," मला म्हणाल्या. बोलताना तोंडावर असा आनंद, की मला वाटलं, आपल्याला अशा बाई असत्या तर मी बारावी तरी झालो असतो.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. बाई हॉर्न वाजवत नसत. वर्गात ओरडून कुणी शांत होत नाही आणि रस्त्यात भोंगा वाजवून कुणी बाजूला होत नाही, असं त्यांचं ठाम मत. सोलापुरात हॉर्नशिवाय गाडी चालवणं म्हणजे कमालच.

त्यांची तक्रार साधी होती. गाडीत बसलं की खोकला येतो. घरात नाही, शाळेत नाही, फक्त गाडीत. डॉक्टरांनी छाती तपासली, सगळं ठीक. मी कप्पा उतरवून फिल्टर काढला. गाडी घेतल्यापासून तो बदललेलाच नव्हता. काळा ठिक्कर, घड्यांत लिंबाची पानं, पिवळट धूळ, मेलेले किडे. बाईंनी तो हातात घेऊन भिंगातून बघितला आणि "हे मी श्वासात घेत होते होय," म्हणून वहीत काहीतरी लिहिलं. आजूबाजूला चहाला आलेले चार-पाच जण होतेच. मला सुरसुरी आली. गावच्या बाई, विज्ञानाच्या बाई, यांना आपला खेळ दाखवायलाच पाहिजे. डाव्या हातात कप घेतला, डोळे मिटले, नवा फिल्टर सारला, झाकण टक्. बाईंनी टाळी वाजवली. त्या टाळीची आठवण आली की आजही माझे कान गरम होतात.

शनिवारी बाई शेंगापोळ्यांचा डबा घेऊन आल्या. खोकला गायब झाला होता. मी डबा घेतला, कौतुकही घेतलं. दहा दिवसांनी बाई परत आल्या, तोंड उतरलेलं. खोकला पुन्हा सुरू. मी म्हणालो, फिल्टर मी स्वतः बसवलाय, तिथं काही असणं शक्य नाही, आतली गार करणारी जाळी खराब असणार. ती फेस मारून धुतली. नळ्यांतून हवा मारली. तोंडावर हवा येते त्या झडपा पुसल्या. तेवढा एक कप्पा सोडून सगळी गाडी उलटीपालटी केली. बाईंनी वही पुढं केली, मी रोजची नोंद ठेवलीय, बघता का म्हणून. मी म्हणालो, बाई, वहीतून एसी कळत नसतो.

तिसऱ्यांदा त्या आल्या तो गुरुवार होता. आदल्या दिवशी उड्डाणपुलावर त्यांना अशी उबळ आली, की डोळ्यांत पाणी आलं आणि गाडी दुभाजकाला घासली. गाडीला ओरखडा आला, बाईंना काही झालं नाही. पण पुण्यात मुलाला, अभिजितला, ते कळलं. तो घाबरला, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. त्यानं सांगितलं, रविवारी येतोय, तोवर गाडी बरी झाली नाही तर विकून टाकू, तू आता रिक्षानं फिर. बाई मला एवढंच म्हणाल्या, "अप्पा, पत्र्याची पेटी घेऊन मैंदर्गीच्या वस्तीवर रिक्षा येत नाही हो." आवाज अगदी शांत.

बाई बाकावर बसल्या आणि मी या खेपेला आधी वही वाचली. सुंदर अक्षरात तारखा, वेळा आणि शेरे. घरातून निघताना खोकला, परत येताना नाही. सोमवारी खोकला, बुधवारी खोकला. आणि माझ्या पहिल्या दुरुस्तीनंतरच्या चार दिवसांपुढं "खोकला नाही" आणि समोर कंसात सहज लिहिलेलं, "हे माढ्याला गेलेले." म्हणजे तात्या घरी नसले की खोकला नाही, आणि गाडी घरून निघते तेव्हाच खोकला. हे माझ्या डोक्यात फिरत असतानाच मी कप्पा उतरवला आणि फिल्टर ओढला.

वरची बाजू पिवळीधमक. नाकाजवळ नेला तर हळदीचा वास. भंडारा होता तो, खंडोबाचा, एक-दोन चिमटी नव्हे, चांगला मुठीनं टाकलेला. काचेखालच्या काळ्या जाळीत बोट घातलं, तिथंही पिवळं. आणि मग मी फिल्टर आडवा धरला, कडेचा बाण बघितला. बाण वर होता. मी फिल्टर उलटा बसवला होता. त्या फिल्टरच्या एका बाजूला स्पंजची पट्टी असते, ती जागेवर बसली तर कडेनं फट राहत नाही. उलटा बसला तर काडेपेटीच्या काडीएवढी फट राहते. त्या फटीतून भंडारा सरळ आतल्या पंख्यात आणि पंख्यातून बाईंच्या तोंडावर जात होता.

इथं मी जे केलं ते लिहायला हात जड होतोय, पण लिहितो. मी नवा फिल्टर घेतला, डोळे उघडे ठेवून, बाण खाली करून बसवला, पंखा धुतला, सगळं स्वच्छ केलं. मग बाईंना बोलावलं, पिवळा फिल्टर दाखवला आणि म्हणालो, कुणीतरी जाळीत भंडारा टाकतंय. बाणाबद्दल एक अक्षर बोललो नाही. बाईंनी ती पूड बोटावर घेऊन बघितली. मग म्हणाल्या, "रोज सकाळी हे काच पुसायला जातात. मला वाटायचं, मी गाडी चालवते म्हणून रागावलेत, बोलत नाहीत, गाडीत बसत नाहीत, पण काच तरी पुसतात." आणि गाडी घेऊन गेल्या. मी खुर्चीत बसलो आणि स्वतःला समजावलं, गाडी दुरुस्त झाली ना, मग झालं.

दुसऱ्या दिवशी रिक्षातून एक उंच, वाकलेले गृहस्थ उतरले. जाड भिंगांचा चष्मा, डोक्याला टोपी, पायात वहाणा. चाचपडत बाकापर्यंत आले आणि म्हणाले, मी तात्या. त्यांनी पाणी घेतलं, चहाला नको म्हणाले. मग एकेक सांगायला लागले. तीस वर्षं ट्रक चालवला, पण इथल्या बाळे गावच्या खंडोबाचा भंडारा काचेवर उधळल्याशिवाय एकदाही चाक हलवलं नाही. तीस वर्षांत कुणाला साधा धक्का लागला नाही. आता ही एकटी बाहेर पडते. ती परत येईपर्यंत आपल्याला घशाखाली चहा उतरत नाही. पण हिचं विज्ञान, हिला हे सांगितलं तर हसेल, म्हणून काच पुसायच्या निमित्तानं गुपचूप मूठभर भंडारा त्या काळ्या जाळीत टाकायचो. काळ्यावर तो हिला दिसत नाही. ट्रकला अशी जाळी नसते, वाऱ्यानं सगळा उडून जातो. गाडीला तिथं नाक असतं, हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

मी म्हणालो, तात्या, तुम्ही त्यांच्या गाडीत कधी बसत का नाही? त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बाजूला बसून नुसतं बघायचं, हातात काय नसताना. जमंना, अप्पा. लई भ्या वाटतंय." आणि पुढं म्हणाले, "माज्याच हातानं तिच्या छातीत भंडारा गेला. पुलावर काय झालं असतं तर? मीच पोराला सांगितलं, इकून टाक गाडी."

त्या वेळी बोलायला पाहिजे होतं. तोंडाशी आलं होतं. पण बाकावर आणखी दोन गिऱ्हाइकं बसलेली, आणि त्यांच्यातल्या एकाला मी नुकतीच वकीलसाहेबांच्या पापडाची गोष्ट सांगितली होती. मी म्हणालो, तात्या, एवढं मनाला लावून घेऊ नका. ते उठले, रिक्षात बसले आणि गेले. दुपारी घरी जेवायला बसलो तर घास फिरायला लागला. बायकोनं विचारलं, काय झालं. सगळं सांगितलं. ती भाकरी मोडत म्हणाली, "म्हंजे तुमी डोळं मिटलं आणि दोष तात्यांच्या माथी." मी ताटावरून उठलो आणि बाईंना फोन लावला. रविवारी मुलाला घेऊन या, तात्यांनाही आणा, गाडी विकायची असली तरी आधी इथं आणा, एवढंच म्हणालो.

रविवारी सकाळी सगळे आले. गाडीत बाई आणि अभिजित, मागून रिक्षानं तात्या. अभिजित सरळ मुलगा, आईची काळजी डोळ्यांत दिसत होती. चहाला येणारी मंडळी होतीच, नेहमीची. मी मुद्दाम त्यांना हाकललं नाही. ज्यांच्यासमोर टाळी घेतली त्यांच्यासमोरच सांगायचं, असं ठरवलं होतं. पिवळा फिल्टर हातात घेतला आणि म्हणालो, "भंडारा तात्यांनी टाकला हे खरं. पण फिल्टर सरळ असता तर तो असाच वर अडकला असता, बाईंपर्यंत गेला नसता. फिल्टर मी उलटा बसवला होता. डोळे मिटून. आणि गुरुवारी कळल्यावर मी ते झाकलं."

चहाला आलेल्या एकानं कप खाली ठेवला. मला वाटलं, आता आपली इज्जत गेली. तेवढ्यात बाईंच्या चष्म्यामागं काहीतरी चमकलं. रागावतील म्हणून मी मान खाली घातली, तर त्या म्हणाल्या, "नुसतं बोलून काय सिद्ध होतं? करून बघू या."

मग माझ्या वर्कशॉपात विज्ञानाचा तास भरला. बाईंनी पर्समधून दोन पांढरे रुमाल काढले, पाण्यात भिजवून पिळले. एक रुमाल हवा येते त्या झडपेवर रबर लावून ताणला. मी म्हणालो, आधी उलटा बसवून दाखवतो. त्या म्हणाल्या, "नाही, आधी सरळ. उलटा आधी बसवला तर आत उरलेली पूड दुसऱ्या वेळी बाहेर येईल आणि निकाल चुकेल." मी चाळीस वर्षं या धंद्यात, पण हे माझ्या डोक्यात आलं नसतं. नवा फिल्टर, बाण खाली. बाई मला म्हणाल्या, बाण कुठंय ते मोठ्यानं वाचा. मी शाळेतल्या पोरासारखं ओरडलो, "खाली." हवा बाहेरून येईल असं बटण लावलं, पंखा पूर्ण सोडला. मग बाई तात्यांकडं वळल्या आणि म्हणाल्या, अहो, भंडारा आणलाय ना?

तात्यांनी खिशातून पुरचुंडी काढली. म्हणजे त्या दिवशीही ती खिशात होतीच. बाईंनीच त्यांचा हात धरून जाळीपर्यंत नेला. तात्यांनी मूठ सोडली. आम्ही सगळे रुमालाकडं बघत उभे, चहाची मंडळी गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेली. पाच मिनिटं गेली. रुमाल पांढरा. मग मी फिल्टर काढून, बाण वर करून, उलटा सारला. दुसरा रुमाल लावला. पुन्हा एक मूठ. मिनिटभरातच रुमालावर पिवळे ठिपके उमटले, हळदीच्या हातांनी पुसावं तसे. मंडळींनी असा काही ओरडा केला, की मला कळलं, लिटमस कागद लाल झाल्यावर पोरं कशी ओरडत असतील.

तात्यांना एवढं लांबून दिसत नव्हतं. त्यांनी दोन्ही रुमाल हातात घेतले, डोळ्यांजवळ नेले आणि अंगठ्यानं चाचपले. पांढरा रुमाल त्यांनी पुन्हा पुन्हा बघितला. "म्हंजे माज्यामुळं न्हाय," एवढंच म्हणाले आणि टोपी काढून डोळे पुसले. मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर मला वर ओढून म्हणाले, अप्पा, तीस वर्षांत मीपण दोनदा टायर उलटं चढवलंय, कुणाला सांगू नका. आता हे मी इथं लिहितोय खरं, पण तात्यांची परवानगी काढली आहे. ते म्हणाले, लिहा, पण दोनदा नाही, एकदाच लिहा.

अभिजितनं दोन्ही रुमालांचे फोटो काढले. आईकडं बघितलं, बाबांकडं बघितलं, आणि गाडी विकायचा विषय त्यानं परत काढला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, दर सहा महिन्यांनी फिल्टर बदलत जा, आणि मला बाणाचा फोटो पाठवत जा. मी अजून पाठवतो. इतकंच काय, त्या दिवसापासून मी डोळे मिटायचा खेळ बंद केला. कुठलंही गिऱ्हाईक असू दे, फिल्टर आत सारायच्या आधी त्याच्या हातात देतो आणि बाण कुठं आहे ते त्याच्याकडून वाचून घेतो. भाच्यालाही तीच सवय लावलीय. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याची नजर गेली. वाटू दे.

मी पंखा आणि नळ्या पुन्हा साफ केल्या, फिल्टर नीट बसवला. बाई स्टिअरिंगवर बसल्या. अभिजित मागं बसला. तात्या सवयीनं जाळीजवळ उभे राहिले, हातात पुरचुंडी, आणि घुटमळले. आता टाकायचा की नाही, हे त्यांना कळेना. फिल्टर सरळ आहे, टाका बिनधास्त, असं मी म्हणणार होतो. पण बाईंनी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि चष्मा वर सरकवून कपाळ पुढं केलं.

"अहो, गाडीला कशाला? इथं लावा की."

नजर अधू, म्हणून तात्यांनी आधी डाव्या हातानं बाईंचं कपाळ चाचपलं आणि मग उजव्या हाताच्या अंगठ्यानं भंडारा लावला, भुवयांपासून केसांपर्यंत, चांगला भरघोस. बाई खोकल्या नाहीत, हसल्या. मग तात्या गाडीला वळसा घालून पलीकडं गेले, दार चाचपून उघडलं आणि बाईंच्या शेजारी बसले. गुडघे त्या कप्प्याला टेकले, ज्याच्या मागं माझा फिल्टर होता. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले आणि उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर. मला काचेतून विचारतात, "बाण खाली हाय न्हवं?" मी म्हणालो, व्हय तात्या, खाली.

गाडी निघाली. आम्ही सगळे रस्त्यावर येऊन बघत राहिलो. चौकातल्या कोपऱ्यावर गाडी सावकाश वळली आणि वळताना हॉर्न दोनदा वाजला, पॅक् पॅक्, ट्रकवाले घाटात वाजवतात तसा. बाई कधीच हॉर्न वाजवत नाहीत.